रिकामा खण

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने नवा छंद धरला, की घरातली माणसे आधी हसतात, मग काळजी करतात आणि शेवटी पाहुण्यांपुढे तो विषय निघू नये म्हणून चहाची घाई करतात. छंद बागेचा असता तर निदान घरचा कढीपत्ता तरी मिळाला असता. पेटीचा असता तर भांडणाच्या निमित्ताने का होईना, शेजाऱ्यांशी ओळख वाढली असती. पण मराठीच्या प्राध्यापकाने रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर निळे कापड अंथरावे, त्यावर बोटाएवढी विमाने मांडावी आणि आपल्यासारख्याच तीन प्रौढ, विवाहित, पोटापाण्याला लागलेल्या गृहस्थांबरोबर फासे टाकत दुसऱ्या महायुद्धातल्या लढाया खेळाव्या, हे कोणत्या सदरात घालावे ते आमच्या घरी अजून ठरलेले नाही. कोणी विचारलेच तर आमची ही "ह्यांचं थोडं इतिहासाचं चालतं" असे सांगते. त्यातला "थोडं" हा शब्द ती किती प्रेमाने घालते, ते मलाच ठाऊक.

या खेळाला कुळशील नाही असे मात्र कोणी समजू नये. हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी पाटावर मांडून बसणारे आमचे पूर्वज दुसरे काय करीत होते? प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे सरकवून लढाई शिकण्याचे नियम १८२४ साली छापले. एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकाने शिशाचे शिपाई आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन खेळायच्या युद्धावर १९१३ साली एक अख्खे पुस्तक लिहिले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, हेही त्यात बजावून सांगितले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. लेखकांचे ऐकण्याची सवय जगाला पूर्वीपासूनच नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला जावे? आपण मराठी माणसे दिवाळीत दारापुढे किल्ला करतो, तो काय वेगळा असतो? दगड, माती, पोत्याचे तुकडे, वर पेरलेली मोहरी आणि मग बाजारातून आणलेली चित्रे. मातीचे महाराज मिळतात, मावळे मिळतात, वाघ मिळतो, डोक्यावर घडा घेतलेली बाईसुद्धा मिळते. पण सूर्याजी मालुसरे मिळत नाही. तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना ज्याने मागे फिरवले आणि सिंहगड पुरता घेतला, असे परंपरा सांगते, तो हा सूर्याजी. गडाला नाव सिंहाचे मिळाले. गड प्रत्यक्ष हाती आणणारा धाकटा भाऊ दुकानदाराच्या टोपलीत कधी आलाच नाही.

आमच्या विमानांच्या संग्रहाचीही हीच गोष्ट होती. आम्ही चौघे खेळतो ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची हवाई लढाई. एकास एकशे चव्वेचाळीस या प्रमाणातली विमाने, उंची दाखवायला त्यांच्या पोटाखाली कमीजास्त करता येणाऱ्या सळया आणि खाली षटकोनी घरे आखलेले कापड. एका घरातून दुसऱ्या घरात जायचे, वळायचे, चढायचे, सूर मारायचा. ज्याच्या पाठीमागे शत्रू लागला त्याचे भवितव्य फाशांवर. विमाने ठेवायला मी सुताराकडून एक उभे कपाट करून घेतले आहे आणि त्याच्या खणांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. पहिला खण "रंगून, १९४१-४२", दुसरा "आसाम, १९४२-४३", तिसरा "इंफाळ, १९४४" आणि चौथा "परत रंगून, १९४५". पहिला, तिसरा आणि चौथा हे खण पाहता पाहता भरले. दुसरा रिकामाच राहिला.

घरातल्या रिकाम्या खणाची काय गत होते, हे वाचकांना सांगायला नको. प्रथम तिथे आईच्या चष्म्याचे घर आले. मग विजेची बिले आली, शिवणाच्या रिळा आल्या आणि एके दिवशी हिंगाच्या दोन डब्याही आल्या. आसामचे संरक्षण असे काही महिने हिंगाकडे होते.

खण रिकामा राहण्याचे कारण साधे होते. त्या खणात जे विमान हवे होते ते कोणाला नकोच असते. खेळण्यातली विमाने विकणाऱ्यांकडे स्पिटफायर मागा. हव्या त्या रंगात, हव्या त्या आकारात मिळेल. स्पिटफायर म्हणजे विमानांतला नटसम्राट. पण १९४२ च्या पावसाळ्यात आसामच्या आकाशात स्पिटफायर नव्हते. तिथे जे होते त्याचे नाव मोहॉक.

मूळचे हे कर्टिस कंपनीचे अमेरिकन विमान. डोनोव्हन बर्लिन या अभियंत्याने ते आखले आणि १९३५ साली ते प्रथम उडाले. कंपनी त्याला हॉक म्हणजे ससाणा म्हणे. जन्मल्याबरोबर त्याच्या कपाळी उपेक्षा आली. अमेरिकन सैन्याच्या चाचणीत पहिला नंबर दुसऱ्याच विमानाचा लागला. पुढे सैन्याने यांनाही पत्करले, १९३७ साली एकदम २१० विमानांची मागणी दिली आणि आता याचे दिवस पालटले असे वाटले. पण तेवढ्यात कंपनीने याच सांगाड्यावर निराळे, पाण्याने थंड होणारे एंजिन बसवले आणि पी-४० नावाचे विमान काढले. चीनच्या आकाशात नाकावर शार्कचा जबडा रंगवून जे प्रसिद्ध झाले, ते हे विमान. ते तेरा हजारांवर निघाले.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून ही कथा अनोळखी नाही. थोरला भाऊ मॅट्रिक होऊन कारकुनीला लागतो, त्याच्या पगारावर धाकटा शिकतो आणि पुढे पेपरात फोटो धाकट्याचा येतो. थोरल्याचा सांगाडा वापरून धाकटा उभा राहिला, हे घरच्यांनाच ठाऊक असते. पुढच्या पिढीत तेही राहत नाही.

थोरल्याने मात्र कामात कुचराई केली नव्हती. फ्रान्सने ही विमाने मोठ्या संख्येने विकत घेतली होती. युद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तोच ८ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रेंच वैमानिकांनी याच ससाण्यांतून दोन जर्मन लढाऊ विमाने पाडली. पश्चिम आघाडीवर दोस्तांनी हवेत मिळवलेला हा पहिला विजय. पुढे फ्रान्स पडेपर्यंत या विमानांच्या नावावर सुमारे २३० विजय नोंदले गेले. इंग्रजांनीही एक ससाणा उसना आणून आपल्या स्पिटफायरशी ताडून पाहिला होता. स्पिटफायर वेगाने पुढे, यात वादच नव्हता. पण जोराच्या सुरात हातात राहणे आणि चटकन कलणे यांत हा अमेरिकन सरस निघाला.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. मागवलेली आणि अजून पोचायची राहिलेली विमाने इंग्लंडकडे वळवण्यात आली. लग्न मोडल्यावर रुखवताचे सामान दुसऱ्याच्या घरी जावे तसे. इंग्रजांनी नाव ठेवले मोहॉक. फ्रेंच विमानात वेग वाढवायला दांडा मागे ओढावा लागे, इंग्रजांच्या विमानात तो पुढे ढकलावा लागे. तेव्हा तो उलटवून घेतला. एवढे करून त्यांनी ठरवले, की हे विमान युरोपच्या लढाईला पुरे पडणार नाही. मग ते कुठे पाठवायचे? जिथे दुसरे काही पाठवण्यासारखे नाही तिथे, म्हणजे हिंदुस्थानात.

या विमानाची नियती अशी विलक्षण, की त्याला सर्वांच्या बाजूंनी लढावे लागले. जर्मनांनी फ्रान्स आणि नॉर्वेत हाती लागलेले ससाणे फिनलंडला विकले; तिथे ते रशियाविरुद्ध लढले आणि १९४८ पर्यंत सेवेत राहिले. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन फौजा मोरोक्कोत उतरल्या, तेव्हा व्हिशी सरकारचे फ्रेंच वैमानिक त्यांच्यावर धावून आले ते याच अमेरिकन विमानांतून. आणि पर्ल हार्बरला ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी बॉम्ब पडू लागले, तेव्हा फिलिप रासमुसेन नावाचा तरुण अधिकारी झोपेतून उठून अंगातल्या पायजम्यानिशीच ससाण्यात बसला आणि आकाशात गेला. त्याने एक जपानी विमान पाडले आणि चाळणी झालेले आपले विमान कसेबसे खाली आणले. ही गोष्ट मी घरी सांगितली, तेव्हा या छंदाविषयी प्रथमच हिच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसले. "पायजम्यात?" तिने विचारले. घरी दिवसभर पायजम्यात वावरणाऱ्या माणसाविषयी तिला त्या दिवशी जरा आदर वाटला असावा.

पण माझे मन या विमानात गुंतले ते आणखी एका गोष्टीमुळे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. चीनला कर्टिस विमाने विकणारा विल्यम पॉली हा अमेरिकन गृहस्थ त्यांच्या जोडीला होता. त्या कारखान्यात आधी शिकाऊ वैमानिकांसाठी विमान तयार झाले आणि १९४२ साली तिथून एक लढाऊ विमान उडाले. ते हेच, कर्टिस ससाणा! मुळात ती विमाने चीनसाठी जोडायला घेतली होती. युद्धाचा रंग बदलला, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पुरी झाली आणि मोहॉक नावाने ब्रिटिश हवाई दलात गेली. वालचंदांचा हिस्साही सरकारने त्याच वर्षी विकत घेतला. आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून आपण जो कारखाना ओळखतो, त्याच्या खात्यावरचे पहिले लढाऊ विमान हे.

बेचाळीस म्हटले की मराठी माणसाला गोवालिया टँक आठवतो, चले जाव आठवते, पत्री सरकार आठवते. ते आठवावेच. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात रंगून पडले होते, ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे पायी डोंगर तुडवत आसाम-मणिपूरकडे येत होती आणि कित्येक वाटेतच राहत होती. चीनला जाणारा रस्ता तुटल्यामुळे आसामातल्या दिनजान विमानतळावरून हिमालयाच्या सोंडेवरून सामान पोचवण्याचे काम सुरू झाले होते. त्या विमानतळावर मे महिन्यात पाचवी स्क्वॉड्रन आली ती मोहॉक घेऊन. पुढे या आघाडीवर १५५ वीही आली. ताशी जेमतेम ३०० मैलांचे, युरोपने नाकारलेले हे विमान तिथे पहाऱ्याला उभे राहिले. बॉम्बफेकी विमानांना सोबत करायची, चिंदविन नदीपलीकडे शत्रूच्या वाटांवर मारा करायचा आणि वरचे आकाश राखायचे. समोर जपान्यांचे हायाबुसा. त्या जपानी शब्दाचा अर्थ बहिरी ससाणा. एका ससाण्यापुढे दुसरा!

मोहॉकने हे काम दीड वर्षांहून अधिक केले. पाचव्या स्क्वॉड्रनने ते १९४३ च्या मध्यास सोडले आणि १५५ व्या स्क्वॉड्रनने जानेवारी १९४४ मध्ये त्यांच्या जागी स्पिटफायर घेतले. आणि मार्च १९४४ मध्ये इंफाळची लढाई पेटली. ब्रह्मदेशाच्या आघाडीची आठवण जग जिच्यामुळे ठेवते, ती लढाई. मोहॉक दोन महिने आधी निवृत्त झाला होता.

म्हणून मला तो खण भरायचा होता. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. मराठीत त्याला मी काय शिकवले ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. पण आता त्याच्याकडे संगणकावरच्या आकृतीवरून राळेच्या वस्तू थरावर थर देत छापणारे यंत्र आहे. त्याने दोन मोहॉक छापून दिले. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम तीन इंच, रंग धुतलेल्या तांदळासारखा.

ते रंगवण्यात आमच्या चार संध्याकाळी गेल्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि सातवीतल्या मुलीच्या. बारीक काम आता माझ्या डोळ्यांना झेपत नाही. वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला फिकट रंग. पंखांवरची वर्तुळे तिने काढली.

"बाबा, पुस्तकात तर मधे लाल ठिपका आहे."

"तो इंग्लंडमधल्या विमानांना. इकडे तो पुसून टाकला होता."

"का?"

"जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. आकाशात क्षणभर लाल दिसलं की आपलीच माणसं आपल्यावर गोळी झाडतील, म्हणून."

तिने हातातला लाल रंगाचा कुंचला धुऊन ठेवला. पुढची दोन वर्तुळे निळी आणि पांढरी झाली. आपल्याच माणसाच्या हातून मरू नये म्हणून स्वतःच्या निशाणातला रंग काढून टाकावा लागतो, हे मी कितीतरी दिवस वाचून जाणत होतो. पण त्या संध्याकाळी ते कुंचल्याच्या टोकाशी आले.

पहिल्याच रविवारी मोहॉक टेबलावर उतरले. कामगिरी अशी, की सामान भरलेले एक डाकोटा विमान टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे. सोबतीला दोन मोहॉक, विरुद्ध चार हायाबुसा. मोहॉक माझ्याकडे. सहाव्या डावात एक मोहॉक पडला. दुसऱ्याने दोन शत्रू आपल्या मागे लावून घेतले आणि त्यांना खाली, डोंगरांच्या दिशेने नेले. डाकोटा टेबलाची कड ओलांडून सुखरूप गेला. आमच्यात बँकेत अधिकारी असलेले गृहस्थ हिशेब ठेवतात. त्यांनी वही पाहून सांगितले, "तुम्ही हरलात. तुमचं एक पडलं, त्यांचं एकही नाही."

"अहो, पण डाकोटा पोचला!"

"नियमात गुण पाडलेल्या विमानाला आहेत. पोचलेल्याला नाहीत."

यावर बराच वेळ वाद झाला. तो मिटवला आमच्यातल्या दंतवैद्यांनी. ते म्हणाले, "माझाही हाच अनुभव आहे. उपटलेल्या दाताचे लोक पैसे देतात. किडू न दिलेल्या दाताचे आजवर कोणी आभारसुद्धा मानलेले नाहीत." सगळे हसले आणि हसता हसता नियम बदलला. आता आमच्या वहीत पोचलेल्या विमानालाही गुण आहेत. इतिहासाच्या वहीत तसे रकाने पाडणे आमच्या हाती नाही. निदान जेवणाच्या टेबलावर तरी ते पडले.

दुसरा नियम मात्र वादावाचून झाला. आम्ही चहा पीत होतो. पडलेला मोहॉक सळईवरून काढून बाजूला आडवा ठेवला होता. मुलीने तो उचलला आणि त्याच्या काचेच्या जागी डोळा लावून विचारले, "यातला माणूस कुठे गेला?"

चार प्रौढ माणसे गप्प झाली. वर्षानुवर्षे आम्ही विमाने पाडत होतो, गुण मोजत होतो. माणसासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता. ती विमाने चालवणारी मुले विशी-पंचविशीची होती. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतात तेवढी. खाली आसाम-ब्रह्मदेशाचे जंगल, पावसाळा आणि पाच-सहा फूट उंचीचे गवत. छत्रीने उतरणारासुद्धा परत येईलच असे नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे विमान पडले, की एक फासा माणसासाठी टाकतात. पाच किंवा सहा पडले तर तो चालत परत आला. एरवी नाही. फासा टाकण्याचे काम मुलीकडे आहे. त्या दिवशी पहिल्या मोहॉकसाठी तिने तो दोन्ही हातांत घोळवून टाकला. दोन पडले. तिने आमच्याकडे पाहिले. पुन्हा टाकू का, असे तिच्या ओठांवर आले होते. पण तिने विचारले नाही. फासा उचलून डबीत ठेवला आणि वहीत नव्या रकान्यात एक उभी रेघ ओढली. खेळाला खेळ म्हणून हसणाऱ्या आमच्या हिने त्या दिवशी दुसरा चहा न मागता केला.

आता दुसऱ्या खणात दोन मोहॉक आहेत. हिंगाच्या डब्या स्वयंपाकघरात परत गेल्या, चष्म्याचे घर मात्र आईने अजून तिथेच ठेवले आहे आणि ते हलवण्याची माझी छाती नाही. घरी पाहुणे येतात, कपाटापुढे उभे राहतात आणि हात आपसूक स्पिटफायरकडे जातो. "हे स्पिटफायर ना?" असे म्हणून ते ओळख पटल्याच्या समाधानात ते खाली ठेवतात. तिथे बोलणे संपते. मग नजर वरच्या खणाकडे जाते आणि चष्म्याच्या घराशेजारच्या त्या दोन आखूड, गोल नाकाच्या विमानांपाशी अडखळते.

"आणि हे कुठलं हो?"

मी काही सांगायच्या आत मुलगी खुर्ची ओढून आणते, पाहुण्यांना बसवते आणि सांगायला लागते.